उत्तर परत यायला हवं

पावसाळा सुरू झाला की पहाटेच्या सुमाराला कॅज्युअल्टीत एका ठरावीक तऱ्हेचा रुग्ण येतो. पंचविशी-तिशीतला शेतमजूर, रात्री जेवून जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला. पहाटे पोटात कळ आली म्हणून जागा झाला, दोन उलट्या झाल्या. ताप नाही, जुलाब नाहीत, पोट दाबून पाहिलं तर मऊ. रात्रभर जागलेला इंटर्न विचारतो, "बाहेरचं काही खाल्लं होतं का?" नातेवाईक हो म्हणतात, कारण दोन दिवसांत बाहेरचं काहीतरी खाल्लेलं असतंच. पँटोप्राझोल, ओंडान्सेट्रॉन, एक सलाईन. तासाभरानं रुग्ण सांगतो की घसा धरलाय, थुंकी गिळता येईना. पापण्या अर्ध्यावर आलेल्या असतात. पण माणूस रात्री झोपलेला नाही, तेव्हा त्यात कुणाला वावगं वाटत नाही. श्वास उथळ व्हायला लागतो तेव्हा कुठे कुणीतरी विचारतं, "रात्री झोपला कुठं होता?"

मण्यारीच्या दंशाला सूज येत नाही, वेदना जवळजवळ नसते, दातांच्या खुणा शोधूनही सापडत नाहीत. नागपंचमीसाठी देशभर नाव असलेलं बत्तीस शिराळा ज्या सांगली जिल्ह्यात आहे, तिथंही साप न दिसलेला सर्पदंश डॉक्टरच्या नजरेतून निसटू शकतो. बरं, संशय आला म्हणजे सुटलो असंही नाही. काचेच्या नळीत वीस मिनिटं रक्त ठेवून ते गोठतं का हे बघितलं जातं. गोठलं, म्हणजे विष चढलेलं नाही, असा निर्वाळा दिला जातो. ती चाचणी घोणस आणि फुरशासाठी आहे. मण्यारीचं विष मज्जातंतूकडून स्नायूकडे जाणारा निरोप तोडतं, रक्ताच्या गोठण्याला ते हात लावत नाही. पुढे व्हेंटिलेटरवर याच रुग्णाच्या बाहुल्या विस्फारलेल्या राहतात, हातपाय हलत नाहीत, प्रतिक्षिप्त क्रिया मिळत नाहीत, आणि मेंदू मृत झालाय असं वाटू लागतं. तो मात्र शुद्धीवर असू शकतो, भोवतालचं बोलणं ऐकत असू शकतो. काही दिवस श्वास चालता ठेवला तर असे रुग्ण आपल्या पायांनी घरी जातात.

परीक्षेत मण्यारीवर टीप लिहा म्हटलं तर हाच इंटर्न दहापैकी आठ गुण मिळवेल. माहिती त्याच्याकडे होती, पण ती वेळेवर हाताशी आली नाही. पुस्तकातला प्रश्न मण्यारीपासून सुरू होतो आणि लक्षणांकडे जातो. रुग्ण पोटदुखीपासून सुरू होतो आणि मण्यारीपर्यंत आपल्याला एकट्यानं चालत जायचं असतं. हा उलटा प्रवास कसा होतो, तो कुठं चुकतो आणि शिकवता येतो का, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे. त्याला क्लिनिकल रीझनिंग म्हणतात. आपण निदानविचार म्हणू.

विषय नवा वाटला तरी प्रश्न जुना आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात रोग जाणण्याचे तीन मार्ग सांगितले आहेत : आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान. जाणत्यांनी सांगितलेलं, स्वतः पाहिलेलं आणि त्यावरून ताडलेलं. निदानपंचकात उपशय नावाचं एक अंग आहे. औषधाला आणि आहाराला रोग कसा प्रतिसाद देतो त्यावरून तो ओळखायचा. आजही आपण हेच करतो आणि त्यातच फसतो. छातीत जळजळतंय म्हणणाऱ्या मधुमेही बाईला अँटासिड दिलं, तिला बरं वाटलं, म्हणून 'गॅस' हे निदान सिद्ध झालं असं समजून तिला घरी पाठवतात. हृदयाच्या खालच्या भिंतीला रक्त कमी पडलं तरी पोटाच्या वरच्या भागात दुखतं, मळमळतं, आणि घोटभर औषधानं क्षणभर हायसंही वाटू शकतं. ईसीजी काढायला पाच मिनिटं लागतात. 'गॅस' हा आमच्या भागातला सर्वांत धोकादायक शब्द आहे असं मी विद्यार्थ्यांना सांगत आलो. तो रुग्ण स्वतःच घेऊन येतो आणि आपण तो तसाच केसपेपरवर उतरवतो.

पाश्चात्य वैद्यकात १७६१ हे साल लक्षात ठेवण्याजोगं आहे. त्या एकाच वर्षी पदुआच्या मोर्गान्यीचा शवविच्छेदनांवरचा मोठा ग्रंथ निघाला आणि व्हिएन्नाच्या आउएनब्रुगरनं छातीवर बोटानं ठोकून आतलं ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. एकानं मेल्यानंतर आत काय सापडतं ते सांगितलं, दुसऱ्यानं जिवंतपणी ते बाहेरून कसं ताडायचं ते. लेनेकचा स्टेथोस्कोप १८१६चा. त्यानंतरच्या शतकभरात निदान म्हणजे या दोन टोकांची सांगड घालणं असं झालं. विल्यम ऑस्लरनं विद्यार्थ्यांना व्याख्यानाच्या खोलीतून उठवून खाटेजवळ नेलं, आणि बोस्टनच्या रिचर्ड कॅबटनं एक पाऊल पुढे टाकलं. १९१२मध्ये त्यानं तीन हजार शवविच्छेदनांच्या आधारे निदानं कुठं कुठं चुकली होती ते छापून टाकलं. स्वतःच्या रुग्णालयातली निदानं, स्वतःच्याच हातांनी. त्याच्या क्लिनिको-पॅथॉलॉजिकल कॉन्फरन्सची पद्धत आपल्याकडे सीपीसी म्हणून आली : एक डॉक्टर रुग्णाची हकिगत ऐकून उघडपणे विचार करतो, चुकतो किंवा जुळवतो, आणि शेवटी पॅथॉलॉजिस्ट खरं उत्तर सांगतो. त्यातला शेवटचा भाग मला फार मोलाचा वाटतो, आणि या प्रस्तावनेत मी पुन्हा पुन्हा त्याच्याकडेच वळणार आहे.

आपल्या भागात वैद्यकीय शिक्षणाचं मूळ मिरजेत आहे. विल्यम जेम्स वॉनलेस हा कॅनडात जन्मलेला मिशनरी सर्जन १८८९मध्ये भारतात आला. १८९४मध्ये मिरजेत रुग्णालय उभं राहिलं आणि १८९७मध्ये तिथंच वैद्यकीय शाळा निघाली. मिरज हे रेल्वेचं जंक्शन, त्यामुळे दूरदूरचे रुग्ण गाडीनं येत. शाळा रुग्णालयाच्या पोटात असल्यानं मुलं पहिल्यापासून रुग्णांत वावरत. सांगलीजवळच्या वॉनलेसवाडीत पुढे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झालं. साताऱ्याच्या बाजूला पाचगणीचं बेल-एअर होतं. क्षयावर औषध नव्हतं त्या काळातली ही आरोग्यधामं. रुग्ण तिथं महिनोन्‌महिने राहत, आणि पहिल्या दिवशी बांधलेला अंदाज सहा महिन्यांनी बरोबर ठरला की चूक हे त्याच डॉक्टरला त्याच बिछान्याजवळ कळे. १९६२मध्ये मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, १९८४मध्ये कराडचं कृष्णा, २००५मध्ये सांगलीचं भारती विद्यापीठाचं, आणि अलीकडे साताऱ्याचं शासकीय महाविद्यालय. आर्यांग्ल महाविद्यालयानं तर साताऱ्यात त्याआधीच आयुर्वेदाचा अभ्यासक्रम रुजवला होता. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत आज जेवढे वैद्यकीय विद्यार्थी आहेत तेवढे पूर्वी कधीच नव्हते.

डॉक्टर नेमका विचार कसा करतो याचा शास्त्रीय शोध मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. १९५९मध्ये लेडली आणि लस्टेड यांनी 'सायन्स'मध्ये निदानाची तार्किक आणि गणिती मांडणी केली. कोणताही रोग आधी किती शक्य होता आणि नव्या माहितीनं ती शक्यता किती हलली, हा त्यातला मुख्य मुद्दा. गणिताला घाबरणाऱ्यांनाही तो तापाच्या उदाहरणानं समजेल. महापुराचं पाणी ओसरल्यावर सांगलीवाडीतून आलेला ताप आणि मार्च महिन्यात जतच्या कोरड्या माळावरून आलेला ताप, थर्मामीटरवर आकडा एकच असला तरी एकच नव्हेत. पहिल्यात लेप्टोस्पायरोसिस यादीत बराच वर हवा. पाटणच्या डोंगरातून, गवतातून-झुडपांतून फिरून आलेल्याच्या बाबतीत स्क्रब टायफस आठवायला हवा, आणि आठवला तर काखेत, जांघेत, स्तनाखाली काळी खपली शोधायला हवी. ती खपली न दिसण्याचं कारण बहुतेक वेळा अज्ञान नसतंच. ओपीडीत पडदा नसतो, बाई लाजतात, डॉक्टर लाजतो, मागे चाळीसजणांची रांग असते आणि पोलक्याच्या आत कुणी बघत नाही. विचाराच्या चुका म्हणून ज्यांची गणना होते त्यांतल्या पुष्कळ चुका अशा जागेच्या अडचणीतून जन्मतात.

१९७८मध्ये एल्स्टाइन, शुलमन आणि स्प्राफ्का यांनी अनुभवी डॉक्टरांना निदान करताना प्रत्यक्ष पाहिलं. सगळी माहिती गोळा करायची आणि मग शांतपणे निष्कर्ष काढायचा, असं पाठ्यपुस्तकात लिहिलेलं असतं. तसं कुणीच करत नव्हतं. पहिल्या काही मिनिटांतच दोन-चार शक्यता डोक्यात येतात आणि पुढचे प्रश्न त्या शक्यतांच्या अनुरोधानं विचारले जातात. नवखे विद्यार्थीही असंच करतात. फरक पद्धतीत नाही, शक्यतांच्या दर्जात आहे. शिवाय एका रुग्णाचं निदान उत्तम करणारा दुसऱ्या प्रकारच्या रुग्णात तितकाच उत्तम ठरेल याची खात्री देता येत नाही. म्हणजे 'निदानाचं कौशल्य' नावाची एक सुटी वस्तू नाही, ती त्या त्या रोगाच्या ज्ञानाला चिकटलेली आहे. यातून पुढे श्मिट, नॉर्मन, बोशुइझेन आदींनी रोगाच्या 'पटकथे'ची कल्पना विकसित केली. अनुभवी माणसाच्या डोक्यात रोग कलमवार यादीच्या रूपात नसतो. तो गोष्टीच्या रूपात असतो : कुणाला होतो, कशानं सुरू होतो, दुसऱ्या दिवशी काय होतं, काय झालं तर ही गोष्ट ती नव्हेच. मण्यारीची गोष्ट ज्याच्याकडे आहे, त्याला पहाटेची पोटदुखी ऐकताच अंथरूण आठवतं.

मग आली चुकांची शाळा. ट्वर्स्की आणि काहनेमन यांनी १९७४मध्ये माणसाचं मन अनिश्चिततेत कोणते आडमार्ग घेतं ते दाखवलं. पॅट क्रॉस्करी या कॅनडातल्या आपत्कालीन वैद्यकाच्या डॉक्टरानं ती मांडणी कॅज्युअल्टीत आणली, आणि चुकांना डझनावारी नावं मिळाली. पहिल्या अंदाजाला चिकटून राहणं. नुकत्याच पाहिलेल्या रुग्णाची सावली पुढच्यावर पडणं. हवं तेच ऐकणं. एक सापडलं की शोध थांबवणं. पुणे-बेंगळुरू महामार्गावर, खंबाटकी घाटाच्या आसपास अपघात झालेला रुग्ण मांडीचं मोडलेलं हाड घेऊन येतो, सगळे त्या हाडाभोवती जमतात आणि पोटात फुटलेली प्लीहा तासभर वाहत राहते. या सगळ्यांची थोरली बहीण म्हणजे घाईचा पूर्णविराम. २००५मध्ये ग्रेबर आणि सहकाऱ्यांनी निदानाच्या शंभर चुका तपासल्या, त्यांत विचारातला सर्वाधिक आढळलेला दोष हाच होता. निव्वळ ज्ञान अपुरं असल्यानं झालेल्या चुका त्यांना थोड्याच सापडल्या.

इथं या क्षेत्रातलं खरं भांडण सुरू होतं आणि वाचकापासून ते लपवून ठेवलेलं नको. एक बाजू म्हणते, चुकांची नावं शिकवा, थांबून स्वतःला प्रश्न विचारायची सवय लावा, चुका कमी होतील. नॉर्मन आणि त्यांच्या बाजूचे म्हणतात, नावं पाठ केल्यानं काही होत नाही. चूक झाल्याचं कळल्यावर मागं वळून नाव देणं सोपं असतं, आणि तीच पटकन अंदाज बांधायची रीत शंभर वेळा बरोबर ठरलेली असते तेव्हा तिला आपण 'क्लिनिकल अ‍ॅक्युमेन' म्हणून टाळ्या वाजवतो. माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे. चुकांच्या नावांचा तक्ता वर्गात लावल्यानं विद्यार्थी दुसऱ्याची चूक ओळखायला शिकतात, आणि राउंडवर रेसिडेंटला टोमणा मारायला एक इंग्रजी शब्द मिळतो. तरीही पहिल्या बाजूच्या एका सूचनेला मी मान देतो : निदान लिहून झालं की क्षणभर थांबून विचारायचं, हे नसेल तर दुसरं काय, आणि यातलं काय चुकलं तर माणूस रात्रीतून मरेल? शस्त्रक्रियेच्या सुरक्षेसाठी जागतिक आरोग्य संघटनेची जी यादी २००८मध्ये आली तिच्यामागे अतुल गावंडे होते. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. ऑपरेशन टेबलाजवळ ती यादी उपयोगी पडते, कारण तिथं काय करायचं ते ठरलेलं असतं आणि फक्त ते विसरायचं नसतं. निदानात काय करायचं तेच ठरायचं असतं, म्हणून याद्यांकडून फार अपेक्षा ठेवू नयेत.

नावांपेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे, आणि त्याचं आपल्या जवळचं उदाहरण महाबळेश्वरचा घाट उतरून खाली गेलं की सापडतं. डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत होते तेव्हा लाल विंचवाच्या दंशानं माणसं, विशेषतः मुलं, मरत. विष म्हटलं की अ‍ॅलर्जीची औषधं, स्टेरॉइड, असा रिवाज. बावस्करांनी दंश झालेल्यांच्या खाटेशी बसून तासातासाला काय घडतं ते लिहून ठेवलं : घाम, थंड पडलेले हातपाय, वाढलेला रक्तदाब, आणि मग फुप्फुसांत पाणी. १९८२मध्ये त्यांची निरीक्षणं 'लॅन्सेट'मध्ये आली. हा हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर आलेला ताण आहे हे लक्षात आल्यावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध त्यांनी वापरायला घेतलं आणि मृत्यू खूपच घटले. त्यानंतर त्यांनी जे केलं ते विद्यार्थ्यांनी जास्त लक्षात ठेवावं. आपलं औषध यशस्वी झाल्यावरही त्यांनी त्याच्या जोडीला विंचवाची प्रतिलस देऊन तुलना केली, आणि दोन्ही मिळून रुग्ण लवकर बरे होतात हा निष्कर्ष २०११मध्ये 'बीएमजे'त छापला. स्वतःच्याच यशाची पुन्हा परीक्षा घेणारा माणूस दुर्मीळ असतो.

त्यांना हे साधलं त्यात एक साधी गोष्ट होती : रुग्णाचं पुढं काय झालं ते त्यांना दिसत होतं. आमच्या दोन जिल्ह्यांत नेमकं हेच तुटलेलं आहे. आटपाडीचा रुग्ण तिथल्या दवाखान्यातून सांगलीला येतो, सांगलीहून मिरजेला, मिरजेहून पुण्याला. दरेक टप्प्यावर चिठ्ठी पुढे जाते, उत्तर मागे येत नाही. पहिल्या डॉक्टरनं चिठ्ठीवर प्रश्नचिन्ह घालून 'व्हायरल ताप?' लिहिलेलं असतं. दुसऱ्या ठिकाणी नक्कल करताना प्रश्नचिन्ह गळतं. तिसऱ्या ठिकाणी ते 'पूर्वीपासून ज्ञात' होऊन बसतं. पुण्यात कधीतरी अंतःहृदयशोथ सापडतो, रुग्ण बरा होतो किंवा होत नाही, आणि आटपाडीचा डॉक्टर आयुष्यभर समजतो की त्या मुलाचा ताप व्हायरलच होता. पुढच्या तशा तापालाही तो तेच म्हणतो, आता अधिक आत्मविश्वासानं. मृत्यूनंतरचं उत्तरही आपल्याकडे मिळत नाही. शवविच्छेदन म्हणजे पोलीस, पंचनामा, असंच समीकरण झालंय, आणि वॉर्डात वारलेल्या रुग्णाचं रोगनिदानासाठी विच्छेदन करा असं नातेवाइकांना विचारायचं धाडस फार थोडे करतात. कॅबटचा शेवटचा भाग आमच्या सीपीसीतून गळून गेलाय.

महाविद्यालयातही हेच घडतं. परीक्षेच्या आठवड्यात सीनियर सांगून जातात : खिडकीजवळच्या खाटेवर मायट्रल स्टेनोसिस, दाराजवळ जलोदर. विद्यार्थी निदान आधी घेऊन रुग्णाकडे जातो आणि मग त्याला ती कुरकुर ऐकू येते, जी त्यानं एरवी ऐकली नसती. तो लाँग केस सुरेख मांडतो. त्यानं विचार केलेला नसतो, पण तो ज्या क्रमानं बोलतो त्यात विचारासारखं सगळं असतं, आणि परीक्षकांना तेवढं पुरतं. तिकडे नीट-पीजीचा क्लास मोबाइलवर चालू असतो. तिथं चारपैकी एक उत्तर बरोबर असतंच. वॉर्डात चारही चूक असू शकतात. २०१९पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षापासून रुग्णांशी भेट ठेवली आहे, संवादाचे धडे आहेत, हे चांगलं आहे. पण त्या भेटीनंतर 'त्या बाईंचं पुढं काय झालं?' हा प्रश्न विचारायची जागा वेळापत्रकात अजून नाही.

आता याच्यात आणखी एकाची भर पडली आहे. विद्यार्थी लक्षणं मोबाइलमध्ये टाकतात आणि यंत्र दहा शक्यतांची नेटकी यादी देतं. यादी अनेकदा माझ्यापेक्षा बरी असते, हे मी खुल्या मनानं मान्य करतो. पण यंत्राला 'उलट्या, पोटदुखी, वय २६' एवढं सांगितलं तर ते तेवढ्यावरच बोलेल. जमिनीवर झोपला होता हे रुग्णाला विचारून आधी कुणीतरी लिहायला हवं. हकिगत घेणं स्वस्त होत नाही, उलट तिची किंमत वाढली आहे. २०२४च्या जागतिक रुग्णसुरक्षा दिनाचा विषय निदान हाच होता, तो उगाच नव्हे.

या पुस्तकातल्या हकिगती सातारा आणि सांगली जिल्ह्यांत शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या डॉक्टरांनी लिहिल्या आहेत. संपादकांनी त्यांना घातलेली अट एकच होती : शेवट ठाऊक असलेलीच हकिगत द्यायची. त्यासाठी काहीजणांनी पुण्या-मुंबईच्या रुग्णालयांत फोन केले, काहीजण रुग्णाच्या घरी जाऊन आले. त्यामुळे हकिगती कमी आल्या, आणि ज्या आल्या त्यांतल्या काही लेखकाला फारशा शोभा देणाऱ्या नाहीत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वैद्यकीय तपशील बदललेले नाहीत. रुग्णाचं बोलणं त्याच्या शब्दांत ठेवलं आहे, 'काळजात धस्स होतंय', 'अंगात वारं भरलंय', 'तोंडाला चव नाय', कारण केसपेपरवर त्याचं इंग्रजी होताना जे हरवतं तेही विद्यार्थ्याला दिसायला हवं. चुकांच्या नावांचं परिशिष्ट मुद्दाम शेवटी टाकलं आहे आणि ते आधी वाचू नये.

जिथं हकिगत मध्येच तोडलेली आहे, तिथं पान रिकामं सोडलं आहे. तिथं पेन्सिलीनं तुमच्या तीन शक्यता लिहा, आणि त्यांतली कोणती चुकली तर सर्वांत महाग पडेल तिच्यावर खूण करा. मगच पान उलटा. इंटर्नना हे पाचजणांनी मिळून करता आलं तर जास्त चांगलं. एकट्याला स्वतःच्या अंदाजावर हरकत घेणं जमत नाही, दुसऱ्याच्या अंदाजावर ते कुणालाही जमतं. शिक्षकांनी कृपा करून उत्तर आधी सांगू नये आणि शक्यतो आपली शक्यताही फळ्यावर लिहावी.

बालरोग आणि मानसोपचार हे दोन विभाग या आवृत्तीत अगदीच तोकडे आहेत. मुलांच्या हकिगती आईच्या तोंडून येतात, त्यांचा विचार वेगळ्या पद्धतीनं करावा लागतो. आणि मनाच्या आजारांत शेवट कधी झाला असं म्हणायचं हेच ठरत नाही, त्यामुळे संपादकांची अट तिथं अडली. जतपासून जावळीपर्यंत प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या कुणाकडे या दोन विभागांतल्या, शेवट माहीत असलेल्या हकिगती असतील तर त्यांनी त्या संपादकांकडे पाठवाव्यात; पुढच्या आवृत्तीची पानं त्यांच्यासाठी राखून ठेवली आहेत.